पाहिलं की बिघडतं

मास्तर कोणत्याही खोलीत शिरायच्या आधी उंबऱ्याबाहेर थांबून मोठ्यानं ओरडत, "बघतोय बरं का!" मग जरा दम खात आणि मग आत पाऊल टाकत. आत माणूस असो नसो. स्वतःच्या रिकाम्या खोलीत शिरतानासुद्धा तेच. त्यांच्या खोलीत असून असून काय असायचं? एक बाज, एक पत्र्याची पेटी, इंग्रजी मासिकांचा ढीग आणि दोरीवर वाळत घातलेलं धोतर. या सामानाला वर्दी कशाला द्यायची, असं माझ्या आईनं त्यांना एकदा विचारलं.

"वहिनी, आपण पाहत नसतो तेव्हा वस्तू एका जागी नसते. इथंही असते, तिथंही असते. आपण पाहिलं की बिचारीला कुठंतरी एका जागी येऊन बसावं लागतं. एकाएकी पाहिलं तर तिची धांदल होते."

"तुमचं धोतर सकाळपासून त्याच दोरीवर आहे. मी येता-जाता बघून राहिले."

"तेच तर सांगतोय," मास्तर म्हणाले, "तुम्ही बघून राहिल्या म्हणून."

गावातल्या बायकांना मात्र त्यांची ही सवय पसंत होती. बाकीचे पुरुष न सांगता घरात घुसत. मास्तर आले की पदर सावरायला वेळ मिळायचा.

आमचं गाव हिंगोलीजवळ, पुसेगावच्या अलीकडे. वडील गावचे जोशी. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. पंचांग सांगणं, मुहूर्त काढणं हे त्यांचं काम. घर लहान होतं, पण रस्त्याकडची खोली मोकळी होती, ती शाळेच्या मास्तरांना दिली होती. जेवण आमच्याकडेच. मास्तर एकटे होते. हैदराबादेला कॉलेजात शिकत होते, तिथं विलायतेहून आलेला कुणी प्राध्यापक त्यांना हे सगळं शिकवून गेला. पुढं घरची परिस्थिती बिघडली, परीक्षा राहिली आणि मास्तर आमच्या गावच्या पोरांच्या नशिबी आले.

मी चौथीपर्यंत शिकले, तीही त्यांच्याच हाताखाली. त्यांनी सांगितलेलं मला समजलं असं मी म्हणणार नाही. गावात कोणालाच समजलं नाही. मास्तरांना स्वतःला समजलं होतं का, याचीही मला शंका आहे. ते म्हणत, "समजलं असं ज्याला वाटतं त्याला समजलेलं नसतं." हे फार सोयीचं बोलणं आहे. मी पाढे चुकले की हेच त्यांना ऐकवायची. तेव्हा मात्र छडी मिळायची.

वर्गात ते टेबलावर मूठ आपटून विचारत, "हे काय आहे?"

आम्ही एका सुरात ओरडायचो, "पोकळी!"

कारण त्यांनी सांगितलं होतं की सगळ्या वस्तू अणूंच्या, आणि अणू म्हणजे देवळाच्या गाभाऱ्यात ठेवलेला मोहरीचा एक दाणा. बाकी सगळं देऊळ रिकामं. टेबल रिकामं, भिंत रिकामी, आपण रिकामे. एकदा शाळा तपासायला साहेब आले. त्यांनी एका पोराला विचारलं, "बाळ, तुझ्या डोक्यात काय आहे?" पोरगं उभं राहून म्हणालं, "काही नाही साहेब, मास्तरांच्या पण न्हाई." साहेबांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांची मान अभिमानानं ताठ झाली होती.

आईला हे पोकळीचं बोलणं आवडायचं नाही. तिनं थापलेल्या भाकरीला कोणी रिकामी म्हणावं हे तिला सोसत नसे. एकदा मास्तरांनी आणखी एक भाकरी मागितली तेव्हा ती म्हणाली, "काहून? रिकामीच तर आहे ना ती?"

"वहिनी, पोटही रिकामंच आहे. रिकाम्यात रिकामं घालायचं. पण वरून तूप असलं म्हणजे दोघांनाही कळत नाही."

तूप मिळालं. मास्तर वेडे होते, पण उपाशी राहण्याइतके नव्हते.

शाळेत ते रोज उशिरा जात. गावाबाहेरच्या ओढ्यापर्यंत फिरायला जायचे आणि तिकडेच रमायचे. पाटलांनी हटकलं तर म्हणाले, "जो चालतो त्याचा वेळ सावकाश जातो पाटील, आणि जो बसतो त्याचा भराभर. पोरं बसून होती म्हणून त्यांना उशीर झाला. माझ्या हिशेबानं मी वेळेवर आलो."

"मंग पगारबी सावकाश येऊ द्या," पाटील म्हणाले.

अण्णांचं आणि त्यांचं या वेळेवरून रोज वाजायचं. अण्णांचं घटिकापात्र होतं. तांब्याची वाटी, बुडाला बारीक छिद्र. पाण्यावर सोडली की हळूहळू भरून बुडायची, ती बुडाली की एक घटका. त्या वाटीवर गावची लग्नं लागत. मास्तर म्हणायचे की सगळ्यांना सारखा असा वेळच नाही, ज्याचा त्याचा वेगळा. अण्णा म्हणायचे, "असेना का. नवरा-नवरीला एका वाटीत बसवायचं माझं काम आहे. ज्याचा त्याचा वेळ घेऊन बसलो तर एकाचं लग्न आज लागंल आणि दुसऱ्याचं पुढच्या साली."

मास्तरांच्या विद्येचा गावाला उपयोग झालाच नाही असं नाही. एकदा तेल्याच्या शेळीनं पाटलांच्या मळ्यातली वांगी खाल्ली. मळ्याच्या कुंपणाला दोन खिंडारं होती, एक गणपतच्या शेताकडून, एक सखारामच्या. ज्याच्या बाजूनं शेळी आली त्यानं सगळं कुंपण बुजवायचं असं ठरलं, आणि दोघंही एकमेकांकडे बोट दाखवून राहिले. मास्तर तिथंच आंब्याखाली मासिक वाचत बसलेले होते. चावडीवर त्यांची साक्ष झाली.

"मास्तर, शेळी कोण्या खिंडारातून आली?" पाटलांनी विचारलं.

"मी पाहिलं नाही."

"पण अंदाज?"

"अंदाज कशाला? कोणीच पाहिलं नाही, म्हणजे दोन्हीतून आली."

"शेळी एकच व्हती मास्तर."

"एकच होती."

"म्हंजे अर्धी इकून अन् अर्धी तिकून?"

"नाही, नाही. सगळी इकडून आणि सगळी तिकडून."

पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "मास्तर इतकं शिकलेलं माणूस, खोटं कशाला बोलंल? दोघंबी बुजवा." दोघांनी मास्तरांना शिव्या देत देत कुंपण बुजवलं. तेली तेवढा घरी येऊन विचारून गेला की शेळी दोन्हीकडून आली तर दूधही दोन्हीकडचं निघेल का.

रझाकारांच्या धामधुमीत अर्धं गाव पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात निघून गेलं, तेव्हा मी सासरी होते. आईनं मागाहून सांगितलं की मास्तर सगळ्यांच्या पुढं चालत होते. कोणी तरी टोमणा मारला, "काहून मास्तर, गोळी तर रिकामीच असती ना?" मास्तर न थांबता म्हणाले, "रिकामीच असते. पण रिकाम्याला रिकामं लागतं, त्याला इलाज नाही."

आता माझं सांगते, कारण मास्तरांचं शास्त्र गावात कुठं खरं ठरलं असेल तर ते माझ्या तोंडावर.

माझा डावा डोळा सरकतो. आता म्हातारपणी कोणाला त्याचं काही वाटत नाही, पण तेव्हा मी लग्नाची होते. मी आपल्या कामात असले, दळत असले, पाणी शेंदत असले, तर डोळा सरळ असायचा. पण कोणी माझ्या डोळ्यात डोळे घालून टक लावून पाहिलं की तो नाकाकडे निघायचा. मला कळायचं, पण आवरता यायचं नाही. आणि आमच्याकडे मुलगी पाहतात म्हणजे टक लावूनच पाहतात. पाटावर बसवतात, नाव विचारतात, चालून दाखव म्हणतात, सुईत दोरा ओव म्हणतात. मी पाटावर बसले की वरपक्ष माझ्याकडे बघायचा आणि माझा डोळा नाकाकडे बघायचा. चहा पिऊन लोक उठायचे. निरोप यायचा, पत्रिका जुळत नाही. अण्णा स्वतः जोशी, त्यांना हे दुप्पट लागायचं, कारण पत्रिका त्यांनीच जुळवलेली असायची.

मास्तरांना हे कळलं तेव्हा ते जेवता जेवता ताटावरून उठले. "अण्णा, अहो हे हैदराबादेत दाखवायला यंत्रं लागली असती! इथं तुमच्या घरात फुकट चालू आहे. पाहिलं की बिघडतं! न पाहिलं की ठीक!"

"पण मास्तर," अण्णा म्हणाले, "मुलगी तिरळी आहे का नाही?"

"पाहिलं तर आहे. नाही पाहिलं तर नाही."

"हे उत्तर वरपक्षाला देता येत नाही."

माझं वय वाढत चाललं होतं. आई रात्रंदिवस रडून राहिली होती आणि अण्णा मास्तरांवर चिडायचे, कारण दुसरं कोणी चिडायला हाताशी नव्हतं. शेवटी हट्टा गावचं एक स्थळ आलं. घरी देवळाची पूजा, थोडी शेती. मुलाला आईबाप नव्हते, आत्यानं वाढवलेला. ही आत्याबाई विधवा, लाल अलवणातली, आवाज चावडीवर शोभेल असा. वसमतला रेल्वेत बसून हिंगोलीला उतरली आणि पुढं बैलगाडीनं एकटी आली. मुलगा बरोबर नव्हता. आल्या आल्या ओसरीवर बसून म्हणाली, "पोरगी तिरळी आहे म्हणतात. खरं काय ते आधी सांगा, मग चहा टाका."

अण्णा काही बोलायच्या आत मास्तर बोलले. "आत्याबाई, पाहिलं तर आहे, नाही पाहिलं तर नाही."

"म्हणजे आंधळ्याला द्यायची का?"

मास्तरांनी मग तिला मोहरीच्या दाण्यापासून सगळं सांगितलं. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. पहिल्यांदाच कोणी शेवटपर्यंत ऐकलं म्हणून मास्तर भारावून गेले. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "बरं. मग तिला न कळू देता दाखवा."

हे सगळं मला मागाहून कळलं. मी त्या वेळी बाजूच्या अंगणात होते. बाजेवर शेवया वाळत घातल्या होत्या आणि मी कावळे हाकत होते. मास्तरांच्या खोलीचं एक दार अंगणात उघडायचं, त्याच्या फळ्यांत फट होती. आत्याबाईनं त्या फटीला डोळा लावला. मागं अण्णा आणि आई श्वास धरून उभे. तिनं मला पोटभर पाहिलं. मी कावळ्यांना शिव्या देत होते, त्याही ऐकल्या. मग ती हळूच म्हणाली, "डोळा तर बराबर आहे पोरीचा. मास्तर, तुम्ही बघा बरं."

मास्तर वाकले, फटीला डोळा लावला आणि सवयीनं खच्चून ओरडले, "बघतोय बरं का!"

मी दचकून दाराकडे पाहिलं. फटीत एक डोळा, आणि मास्तरांना बाजूला ढकलून लगेच दुसरा. माझा डोळा निघाला तो थेट नाकाला जाऊन टेकला.

"अगं बया!" आतून आत्याबाईचा आवाज आला. "सरकला की!"

"पाहिलंत? पाहिलंत ना?" मास्तर टाळ्या पिटून राहिले होते. "आधी सरळ होता! तुमच्या डोळ्यांदेखत झालं!"

इकडं माझं स्थळ मोडून राहिलं होतं आणि हा माणूस आनंदानं नाचत होता. अण्णा खाली बसले. आईनं तोंडात पदर कोंबला. मी शेवयांचा हात तसाच घेऊन दार ढकललं आणि म्हणाले, "बघायचं तर समोर येऊन बघा. फटीतून काय बघता चोरासारखं?"

आत्याबाईनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग आईला विचारलं, "काम करताना सरळच असतो ना?"

"सरळच असतो," आई म्हणाली.

"मग झालं तर. आमच्या घरी सुनेकडं बघत बसायला कोणाला सवड आहे? कामात राहील, डोळा सरळ राहील. सुपारी फोडा."

मास्तरांना वाटलं की हे त्यांच्या शास्त्रानं जमवलं. आत्याबाईला कामाला माणूस पाहिजे होतं, एवढंच. पण सुपारी फुटली.

अण्णांच्या जिवाला घोर लागला तो वेगळाच. मुलाला डोळ्याचं सांगाल ना, असं त्यांनी ती निघताना विचारलं, तर आत्याबाई म्हणाली, "मी पाहिलं ते पुरे. त्याला काय विचारायचं?" म्हणजे मुलाला काही ठाऊक नव्हतं. त्यानं मला पाहिलेलं नव्हतं. तो मला पहिल्यांदा पाहणार ते भरमांडवात, अंतरपाट दूर झाल्यावर, आणि तेव्हा माझा डोळा काय करणार हे आम्हाला ठाऊक होतं. फसवलं म्हणून नवरा मांडवातून उठून गेला तर मग त्या मुलीला कोणी विचारत नसे. मला लग्नाची फार हौस होती असं नाही. पण मांडवातून टाकून दिलेली मुलगी व्हायची तर त्याहूनही नव्हती.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड जानवशाला उतरलं, तेव्हा अण्णांनी मास्तरांना बाजूला घेतलं. "तुम्ही जा, मुलाला नीट समजावून सांगा. काय व्हायचं ते मांडवाआधी होऊन जाऊ द्या. निदान चारचौघांत तमाशा तरी व्हायचा नाही."

मास्तर गेले. बराच वेळ आले नाहीत. आले ते वाजंत्र्यांच्या पुढं, नवरदेवाच्या घोड्याबरोबरच चालत, हातवारे करत.

"सांगितलं?" अण्णांनी विचारलं.

"सगळं सांगितलं. मुलगा हुशार आहे. देऊळ आणि मोहरी तर त्याला लगेच पटलं, पुजारीच आहे तो."

"आणि डोळ्याचं?"

"डोळ्यापर्यंत आलोच होतो," मास्तर म्हणाले, "तेवढ्यात वाजंत्री सुरू झाली."

अण्णांनी त्यांना मारलं कसं नाही, हे मला अजून कळलेलं नाही. पण घटिकापात्र पाण्यावर सोडलेलं होतं, वाटी भरत आली होती, भांडायला वेळ नव्हता. अण्णांनी अंतरपाटाचं एक टोक मास्तरांच्या हातात कोंबलं, म्हणजे ते एका जागी तरी राहतील. दुसरं टोक माझ्या मामाकडे.

अंतरपाटाच्या या बाजूला मी उभी. समोर पांढरं कापड, त्यावर हळदीचं स्वस्तिक, आणि खाली त्याची पावलं दिसत होती. पावलं चांगली होती. भटजी मंगलाष्टकं म्हणत होते. आई माझ्या मागं पुटपुटत होती, "खाली बघ, खाली बघ." खाली तरी किती वेळ बघणार? हार घालायला मान वर करावीच लागते. वाटी बुडाली. अण्णांनी वेळ बरोबर सांगितली. वाजंत्री कडाडली आणि मामानं आपलं टोक सोडलं. मास्तरांनीही सोडलं.

मी मान वर करून सरळ त्याच्याकडे पाहिलं. सरळ म्हणजे माझ्या परीनं.

त्यानं पाहिलं. डोळा निघाला. हार हातात तसाच धरून तो वळला आणि मी कोणाकडे बघून राहिले ते पाहायला लागला. तिकडे भटजी होते. भटजी गोंधळून आपलं उपरणं सारखं करायला लागले. तो पुन्हा माझ्याकडे वळला. वऱ्हाडातून कोणीतरी बोललं, "अरे, नवरी तर..." आणि गप्प झालं, कारण आत्याबाईनं तिकडे मान वळवली होती. 

त्यानं मान खाली घातली. मला वाटलं, झालं, निघाला हा. पण तो नुसता खाली बघत होता. तेवढ्यात माझा डोळा जागेवर आला. त्यानं हळूच वर पाहिलं. डोळा निघाला. खाली पाहिलं. आला. वर पाहिलं. निघाला. लेकरू भिंगरीला बोट लावून बघतं तसं त्याचं चाललं होतं. चिडायचं का रडायचं हे मी ठरवून राहिले होते, तेवढ्यात तो हसला. वाईट नाही हसला. हसता हसताच त्यानं हार घातला. तो माझ्या मुंडावळ्यांत अडकला, मग त्यानं सोडवून नीट घातला. मीही घातला. लोकांनी अक्षता टाकल्या, आईनं मागं मोठ्यानं नाक शिंकरलं.

मग माझं लक्ष मास्तरांकडे गेलं. ते अजून तिथंच उभे होते, हात कापड धरल्यासारखे वर, आणि दोन्ही डोळे घट्ट मिटलेले. सगळा मांडव माझ्याकडे बघत होता आणि तो एकटा माणूस बघत नव्हता. कपाळाला घाम आला होता. ते हळूच म्हणाले, "पोरी, झालं का?"

"झालं."

"नवरा आहे का गेला?"

"आहे," मी म्हणाले. "डोळे उघडा मास्तर, आणि पाय मागं घ्या. माझ्या शेल्यावर उभे आहात."